नृत्यवेषातील अनामिक

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या कुशीत, जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील डोंगरवस्त्यांत कोरकू समाज नांदतो. त्यांच्या भाषेत नृत्याला ‘सुसुन’ म्हणतात. आदिवासींच्या अशा नृत्याकडे कॅमेरा प्रथम वळला, तो कोणत्या दृष्टीने?

१८५७च्या उठावानंतर आपली प्रजा नेमकी कोण, हे जाणण्याची निकड इंग्रज सरकारला भासू लागली. त्यातून १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्या काळी ओल्या काचेवर छायाचित्र उमटेपर्यंत माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. नाचते पाऊल टिपणे त्या काचेच्या आवाक्याबाहेरचे होते.

पुढे कोरड्या काचा आल्या आणि गती टिपणे शक्य झाले. दृष्टी मात्र फारशी बदलली नाही. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. त्या प्रांताच्या जातिजमातींवरील रसेल व रायबहादुर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात मेळघाटातील कोरकू आहेत, पूर्ण पेहरावातील कोरकू स्त्रिया आहेत आणि ‘नृत्यवेषातील माडिया गोंड’ही आहेत. चित्राखालच्या ओळीत जमात आहे, वेष आहे. माणसाचे नाव नाही.

हे केवळ येथेच घडले असे नव्हे. अमेरिकेत डकोटांसह अनेक आदिवासींचे सूर्यनृत्य १८८३च्या सरकारी नियमांनी गुन्हा ठरवले गेले. त्या बंदीला अनेक मिशनऱ्यांनीही पाठिंबा दिला, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दुसरीकडे त्याच लोकांची नृत्यवेषातील छायाचित्रे गोऱ्या वसाहतींत हौसेने विकली जात होती.

अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते नाकारू नये, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिकवले. दिव्य वचन संघाचे फादर स्टीफन फुक्स (१९०८–२०००) यांनी तर अनेक दशके मध्य भारतातील आदिवासींच्या सहवासात अभ्यास केला आणि कोरकूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

आज धर्मग्रामाच्या सणाला आदिवासी बंधुभगिनी नाचतात, तेव्हा आपणही कॅमेरा सरसावतो. तत्पूर्वी त्यांची अनुमती घ्यावी, नाव विचारावे आणि ते छायाचित्राखाली लिहून ठेवावे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानेच हाक मारतो.