मागच्या रांगेतला चेलो

चित्रपटसंगीताचा इतिहास आपण गायक, संगीतकार आणि गीतकार या तिघांपुरताच लिहीत आलो आहोत. वादकाला त्यात जागा नाही. ही उणीव कुठे सर्वांत जास्त जाणवत असेल, तर ती चेलोच्या बाबतीत.

चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे वाद्य. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचे. त्याचा आवाज खर्जाचा, पुरुषाच्या गळ्याजवळ जाणारा. भोवती अख्खा वाद्यवृंद वाजत असताना हा खर्ज सहज बुडतो. द्व्होर्झाकलाही एकल वादनासाठी हे वाद्य फारसे योग्य वाटत नव्हते. तरीही १८९४-९५ मध्ये त्याने चेलोसाठी कॉन्चेर्टो लिहिला आणि आज तोच या वाद्याचा मानदंड मानला जातो. अशा मैफलीत पाहुणा चेलोवादक संचालकाशेजारी, सर्वांच्या पुढे बसतो. त्याचा स्वर ऐकू यावा म्हणून बाकीचा वृंद आवाज आवरतो. कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नाव ठळक असते.

मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. २००६ पासून एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया पाहुण्या कलावंतांसह मैफली करतो. आमच्या टेंभुर्णीसारख्या गावांत मात्र चेलो आला तो रेडिओवरून, गाण्याच्या पाठीमागून. त्याचा स्वर कानांवर पडला, नाव कळले नाही.

मुंबईच्या स्टुडिओंतले बरेच वादक गोव्याचे ख्रिस्ती होते. चर्चच्या शाळांत त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकायला मिळाली होती आणि मोठ्या वाद्यवृंदाला ती वाचणारी माणसे हवी होती. तबकडीवर त्यांची नावे सहसा छापली जात नसत. बासू चक्रवर्ती स्वतः चेलोवादक. पण रसिकांना ते आठवतात बर्मन पितापुत्रांचे साहाय्यक म्हणून.

म्हणूनच १९५८ची मैफल मला महत्त्वाची वाटते. गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन करून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या रागांवर बांधलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे तेथे गायले. एरवी गायकापुढे वादक मागे असत. त्या दिवशी वादकांच्या घरी गायक पाहुणे होते.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूरच राहिले. १९७७ मध्ये त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गाण्यातून त्यांचे नाव देशभर झाले. गाणारे लाखो होते, पण हा अँथनी कोण, हे विचारणारे थोडे. २०१२ मध्ये ते गेले.

इतिहासाला कागद लागतो, आणि वादकांचा कागद कुणी ठेवला नाही. आपल्याकडच्या बँडपथकांत, भजनी मंडळांत, तमाशाच्या फडांत वाजवून थकलेले हात अजून आहेत. कोणते वाद्य, कुणाकडून शिकले, कुणासोबत वाजवले, एवढे तरी त्यांना विचारून लिहून ठेवायला हवे. पुढच्या संशोधकाला तिथून सुरुवात करता येईल.