फ्रेम आणि फोटो: एक प्रस्तावना

व्हिडिओतून स्थिरचित्रं काढायची गरज कोणाकोणाला पडते याची यादी करायला बसलं, तर ती लांबतच जाईल. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके जुळवून पाहणारा वन्यजीव अभ्यासक, ड्रोनच्या चित्रणावरून तटबंदीची त्रिमिती प्रतिकृती करणारी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी, चौकातल्या गाड्या मोजायला संगणकाला शिकवणारा अभियंता, लावणीतल्या पदन्यासाची टिपणं करणारी संशोधक. विषय वेगळे, पण पहिली पायरी सगळ्यांची एकच: हलतं चित्र सुटं करायचं, क्रमांक घालून फोल्डरमध्ये ठेवायचं. बहुतेक जण ही पायरी घाईने ओलांडतात. कुणीतरी दिलेली एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवतात, चित्रं मिळतात, काम पुढे सरकतं. नंतर मोजमापात काही बिनसलं तर सगळीकडे शोधाशोध होते, त्या ओळीकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. पुढची पानं त्या एका ओळीसाठी आहेत.

ही ओळ बहुधा एफएफएमपेगची असते. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज व्हिडिओच्या जगात सर्वत्र आहे. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचं. नवख्याला हे रुक्ष वाटतं. संशोधकाची मात्र यातच सोय आहे. लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते, सहकाऱ्याला देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा चालवता येते. माउसने केलेल्या क्लिकची नोंद कुठेच उरत नाही.

‘रॉ’ म्हणजे कच्चा व्हिडिओ हा शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. पहिला प्रकार खरोखरचा कच्चा, मुळीच न दाबलेला. प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाचा एक आकडा, आणि रंगाचे दोन आकडे चार-चार पिक्सेलमध्ये मिळून एकेक. म्हणजे पिक्सेलमागे सरासरी दीड बाइट. अशा वाययूव्ही फाइलला मथळा नसतो. रुंदी किती, उंची किती, सेकंदाला किती फ्रेम, यातलं काहीही तिच्यात लिहिलेलं नसतं. नुसते आकडे, एकामागून एक.

व्हिडिओ-संशोधनात वर्षानुवर्षं वापरली गेलेली ‘फोरमन’ नावाची चाचणी-क्लिप उदाहरणाला घेऊ. हेल्मेट घातलेला एक मुकादम कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, मग कॅमेरा बांधकामाकडे वळतो, एवढंच तिच्यात आहे. फ्रेम ३५२ बाय २८८ पिक्सेलचा, म्हणजे १,५२,०६४ बाइटचा. फाइल ४,५६,१९,२०० बाइटची. भागाकार करा, बरोबर ३०० येतो, बाकी शून्य. आता रुंदी चुकून ३६० सांगितली असं धरा. एफएफएमपेग तक्रार न करता कामाला लागतं, पण २९३ फ्रेम होऊन ५१,८४० बाइट उरतात, आणि मिळालेल्या चित्रांत मुकादमाचा चेहरा तिरक्या पट्ट्यांत घसरत गेलेला दिसतो. रंगाच्या दोन थरांची अदलाबदल झाली, तर चेहरा जागेवर राहतो पण निळसर होतो. म्हणून कच्ची फाइल हातात आली की आधी भागाकार करावा. अर्थात शून्य बाकी हा पुरावा नव्हे: रुंदी आणि उंची उलटसुलट सांगितली तरी भागाकार चोख ३०० च येतो, चित्र मात्र चिंध्या होऊन बाहेर पडतं. शेवटी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

दुसरा प्रकार दाबलेला असतो, पण उघडा. एच.२६४ पद्धतीने आकसलेला व्हिडिओ एमपी-४ सारख्या डब्यात न भरता तसाच फाइलमध्ये ओतलेला. लहान संगणकांना जोडलेले कॅमेरे पुष्कळदा अशीच धार देतात. कोणता फ्रेम कोणत्या क्षणाचा ही माहिती एरवी डबा सांभाळतो. इथे डबाच नाही. फ्रेमचा वेग सापडला नाही की एफएफएमपेग सेकंदाला २५ फ्रेम असं गृहीत धरतं. कॅमेऱ्याने ३० च्या वेगाने मिनिटभर चित्रण केलं असेल, तर ते ७२ सेकंदांचं ठरतं, आणि सेकंदाला एक चित्र मागणाऱ्याला ६० ऐवजी ७२ चित्रं मिळतात. चौकातल्या गाड्यांचा वेग यावरून काढला, तर तो सरसकट कमी येणार.

इथे फिल्मचा जमाना आठवून पाहावा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं होतं, थोडं थोडं, दिवसामागून दिवस. त्या पट्टीवरची कोणतीही चौकट कात्रीने कापून घ्या, तो पूर्ण फोटोच. एच.२६४ मध्ये तसं नाही. ‘आय’ फ्रेम तेवढा स्वयंपूर्ण असतो. ‘पी’ फ्रेम आधी उलगडलेल्या फ्रेमच्या आधाराने रचला जातो, आणि ‘बी’ फ्रेमला बहुधा मागचा-पुढचा दोन्हीकडचा आधार लागतो. धार मधूनच पकडली तर पुढचा पूर्ण फ्रेम येईपर्यंत करडा चिखल दिसतो, तो याचमुळे. बिबट्याच्या ठिपक्याची कड मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं: पाहिलेल्या फ्रेममधली ती कड कॅमेऱ्याने त्या क्षणी टिपलेली असेल, किंवा आधीच्या फ्रेममधून उसनी आणून सरकवलेली असेल. म्हणून बारीक मोजमापासाठी काही जण फक्त ‘आय’ फ्रेम निवडतात. तिथेही एक खोच आहे. फ्रेमचा वेग बदलता राहू दे असं वेगळं सांगितलं नाही, तर मधल्या रिकाम्या जागा एफएफएमपेग त्याच चित्राच्या प्रतींनी भरून काढतं. फोल्डर भरलेलं दिसतं, चित्रं मात्र मोजकीच असतात.

रंगाचं प्रकरण पुढे सविस्तर येईल. इथे इशारा पुरे. जुन्या टीव्हीच्या चित्राला बीटी-६०१ हा रंगनियम, एचडीला बीटी-७०९. कच्च्या फाइलमध्ये नियमाची नोंद नसते, त्यामुळे एचडी चित्रावरही ६०१ लागू शकतो, आणि लाल-हिरव्या छटा किंचित सरकतात. लग्नाच्या फोटोत ते खपून जाईल. पानाच्या पिवळेपणावरून पिकाचा रोग ओळखायचा असेल, तर खपणार नाही.

मिनी-डीव्ही कॅसेटवर राहिलेल्या तमाशा-कीर्तनाच्या चित्रणावर काम करणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी भेटतील. त्या काळच्या पाल पद्धतीत एक फ्रेम पन्नासांश सेकंदाच्या अंतराने घेतलेल्या दोन अर्ध्या चित्रांचा असे, म्हणून फिरत्या हाताला फणीसारखे दात दिसतात. ‘याडिफ’ हा फिल्टर ते बऱ्यापैकी घालवतो. शिवाय ७२० बाय ५७६ चे ते पिक्सेल चौरस नसतात. चित्र जसंच्या तसं काढलं, तर चार-तीनच्या चौकटीतले चेहरे अरुंद दिसतात. रुंदी ७६८ च्या आसपास केली की माणसं ओळखीची होतात.

काढलेली चित्रं कशात ठेवायची यावर वाद घालण्यात फार वेळ जातो. अभ्यासासाठी पीएनजी, नुसतं पाहण्यासाठी जेपेग. माझ्या मते यापलीकडे त्यात काही नाही.

या विषयात येणाऱ्यांना गणित किंवा प्रोग्रॅमिंग फारसं यायला हवं असं नाही. भागाकार येतो, इंग्रजीतला त्रुटीसंदेश शेवटपर्यंत वाचण्याचा धीर आहे, एवढ्यावर सुरुवात होते. एक मागणी मात्र आहे. चित्रांच्या प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिच्यात मूळ व्हिडिओचं नाव, त्याचा आकार, एफएफएमपेगची आवृत्ती आणि चालवलेली पूर्ण आज्ञा लिहा. पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी फोनमधली एखादी क्लिप घ्या, एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने ती तपासा, आणि तो सांगेल ती रुंदी, उंची, वेग आणि रंगनियम अशाच एका फाइलमध्ये टिपून ठेवा. पहिल्या प्रकरणातली आज्ञा त्याच क्लिपवर चालवायची आहे.