स्वसंरक्षणाचे व्यायाम (परभणी जिल्हा)

शरीर सुदृढ राखणे आणि प्रसंगी अंगावर चालून आलेल्याचा प्रतिकार करणे हे दोन्ही हेतू एकाच अभ्यासातून साधणाऱ्या कुस्ती, लाठीकाठी, ज्युदो, कराटे, तायक्वांदो इत्यादी विद्यांचे या जिल्ह्यातील शिक्षण. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. हिंगोलीकडील तालुके १ मे १९९९ रोजी या जिल्ह्यातून वेगळे झाले.

या विद्येचे येथील मूळ स्थान म्हणजे गावची तालीम. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या आडोशाला कुस्तीचा हौदा ही मराठी खेड्याची जुनी रचना होय. आणि ज्यांनी मारुतीची उपासना व बलोपासना यांची सांगड लोकमानसात पक्की केली, त्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे शेजारच्याच जालना जिल्ह्यात आहे, ही गोष्ट या भागातील जुन्या वस्तादांना भूषणावह वाटत आली आहे. परभणीची काळी माती कापसाला व ज्वारीला कितीही मानवत असली, तरी ती ओली झाली की चिकटते व वाळली की भेगाळते, त्यामुळे हौद्याला ती चालत नाही. तेथे तांबडी माती आणून, चाळून, तीत तेल, हळद, ताक व लिंबाचा रस मुरवावा लागतो आणि रोज पहाटे फावड्याने ती उकरून मऊ करावी लागते. हे उकरणे नवख्या पठ्ठ्याकडे असते. खांदे, पाठ आणि मनगटे यांना त्यातून जो व्यायाम घडतो, तो जोर-बैठकांच्याही आधीचा पहिला धडा समजावा. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव आणि त्यांच्या तोडी त्यानंतरच्या.

संस्थानी राजवटीत सभा-संमेलनांवर निर्बंध होते, आणि आखाडे व व्यायामशाळा यांकडेही सरकार संशयाने पाही. आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये हैदराबादेत जो सत्याग्रह केला, त्यामागील गाऱ्हाण्यांत आखाड्यांवरील बंधनांचेही गाऱ्हाणे होते. निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांच्या धामधुमीत गावोगावच्या तरुणांना लाठी का हाती धरावीशी वाटली, हे समजण्यासाठी हा संदर्भ ध्यानात ठेवणे अवश्य आहे. स्वसंरक्षण हा शब्द त्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही. संस्थानाबाहेर मात्र याच काळात व्यायामविद्येला शास्त्रशुद्ध रूप येत होते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकांसाठी नेले, आणि बडोद्याहून द. चिं. मजुमदार यांच्या संपादकत्वाखाली व्यायाम-ज्ञानकोशाचे खंड निघू लागले.

ज्युदो, कराटे व तायक्वांदो या आशियाई विद्या येथे बऱ्याच उशिरा आल्या. जिगोरो कानो यांनी तोक्योत १८८२ मध्ये कोदोकान स्थापून ज्युदोचा पाया घातला, तर गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये तेथेच कराटेचे प्रात्यक्षिक करून ओकिनावाची ती विद्या मुख्य जपानी बेटांवर रुजविली. आज हे खेळ शालेय क्रीडास्पर्धांत आहेत, आणि तालुक्याच्या गावी शाळेच्या सभागृहात वा मंगल कार्यालयाच्या ओसरीवर त्यांचे वर्ग भरतात. येणाऱ्यांचे हेतू निरनिराळे असतात. कोणी मधुमेहाच्या भयाने येतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली, ज्यांना अनुक्रमे १६०० व ८०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत गुण मिळवावयाचे असतात, ती दम वाढविण्यासाठी येतात. आणि परगावी शिकावयास जाणाऱ्या लेकींना आईबाप धीर यावा म्हणून पाठवितात. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर जाणाऱ्या या जिल्ह्यात सराव पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच करणे शहाणपणाचे.

वर्ग निवडताना गुरूकडील पट्ट्याचा रंग आणि भिंतीवरील चषक यांपेक्षा तो पडणे कसे शिकवितो हे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे निश्चित मत आहे. हनुवटी छातीशी घेऊन, पाठ गोलाकार ठेवून आणि पंजापासून कोपरापर्यंतचा हात सतरंजीवर सपाट आपटून पडण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली, त्याचे डोके व मणका पुढे शेतातल्या बांधावर आणि मोटारसायकलीवरही वाचण्याचा संभव अधिक. मारामारीचा प्रसंग बहुतेकांवर जन्मात येत नाही, पडण्याचा मात्र सर्वांवर येतो. मनगट सोडविण्याचा पाठही असाच साधा आहे. धरणाऱ्याचा अंगठा व बोटे जेथे मिळतात तेथे पकड सर्वांत कच्ची असते, म्हणून हात त्या फटीच्या दिशेने वळवून एकदम ओढावयाचा, ओरडावयाचे आणि पळावयाचे. शेकडो वेळा घटविल्याखेरीज हा डाव भीतीच्या क्षणी आठवत नाही.

कायद्याचे ज्ञान हे या शिक्षणाचे अंगच मानले पाहिजे. स्वतःच्या व दुसऱ्याच्या देहाचे रक्षण करण्याचा हक्क पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि धोका टळला की हक्कही संपतो. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागल्यावर मारलेला दांडा हा गुन्हा ठरू शकतो.

मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सरकारी शाळांतून इयत्ता सहावी ते बारावीपर्यंत तीन महिन्यांचे आत्मरक्षण-प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ज्या घरांतून मुलीने तालमीच्या दारातून आत डोकावणेही गैर मानले जाई, त्याच घरांतील मुली शाळेच्या अंगणात लाथ उंचावताना पाहणे हा या इतिहासातील सर्वांत मोठा पालट होय. परंतु तीन महिन्यांत केवळ ओळख होते. शहरात राहणारी मुलगी पुढे एखाद्या वर्गाला जाऊ शकते. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील खेड्यातली मुलगी शेवटच्या बसची वेळ सांभाळून तसे करू शकत नाही. तिच्यासाठी शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर, आठवड्यातून दोन दिवस का होईना, वर्षभर सराव चालू राहिला पाहिजे, आणि शक्यतो तो घेणारी शिक्षिका असावी.