दोन तीरांवरचे घराणे

आगबोटींच्या युगातील स्थलांतर म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बहुधा पश्चिमेकडे जाणारी जहाजे उभी राहतात. नेपल्स किंवा जिनोआ बंदरात गाठोडी घेऊन बोटीवर चढलेली इटालियन कुटुंबे आणि १८९२ पासून न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर होणारी त्यांची तपासणी, ह्या गोष्टी इंग्रजी ग्रंथांनी आपल्या परिचयाच्या केल्या आहेत. परंतु त्याच शतकात काही अमेरिकन कुटुंबे उलट दिशेने येऊन आपल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, राहिली. ती पोटासाठी आली नव्हती, धर्मप्रसारासाठी आली होती. तथापि देशांतर करणाऱ्या प्रत्येक घराण्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, की आपले घर नेमके कोणते, तो त्यांनाही चुकला नाही. ह्यूम घराण्याचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईस आले, आणि १८३१ साली मिशनने नगरास ठाणे केले. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ साली सपत्नीक मुंबईत दाखल झाले. तेव्हा सुवेझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने येण्यास चार-चार महिने लागत. निघतानाचा निरोप हा पुष्कळदा अखेरचाच ठरे. १८५४ साली प्रकृती ढासळल्यामुळे ह्यूम मुलाबाळांसह स्वदेशी निघाले, आणि केप ऑफ गुड होपच्या आसपास समुद्रावरच वारले. त्यांच्या देहाला ना जन्मभूमीची माती मिळाली, ना कर्मभूमीची. त्यांची पत्नी मुलांना घेऊन पुढे अमेरिकेस गेली.

त्या मुलांपैकी रॉबर्ट अ‍ॅलन हा १८४७ साली मुंबईत जन्मला होता. येल विद्यापीठात शिकून १८७४ साली तो नगरास आला. त्याचा भाऊ एडवर्डही पाठोपाठ हिंदुस्थानात आला. मध्यंतरी, १८६९ साली, कालवा खुला झाला होता आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला होता. आता घराण्याला दोन्ही तीरांशी संबंध राखणे शक्य झाले. पण रॉबर्ट अ‍ॅलन नगरास ‘गेले’ म्हणावे की ‘परतले’ म्हणावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर १८८६ च्या एका वादात सापडते, असे आम्हांस वाटते. रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी असे मत मांडले की, ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडलेच नाही, त्यांना मरणोत्तर संधी मिळण्याची शक्यता नाकारू नये. मिशनच्या चालकांस हे पाखंड वाटले. त्यांची रवानगी रोखली गेली, आणि १८८७ पर्यंत त्यांना नगरास परत येता आले नाही. बोस्टनच्या पंडितांस हा सिद्धांताचा प्रश्न होता. नगरात तो शेजाऱ्यांच्या आजा-पणज्यांच्या गतीचा होता. परक्यांच्या पितरांची अशी काळजी वाहणाऱ्यास निव्वळ पाहुणा म्हणता येत नाही.

अर्थात ह्या वस्तीची किंमत आपल्या घरांनीही मोजली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा एका संसाराची किती ताटातूट झाली हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांस सांगावयास नको. पण ह्याच ह्यूमसाहेबांना छपन्नाच्या दुष्काळातील कार्यासाठी १९०१ साली कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले, हेही तितकेच खरे. इतिहासकाराने दोन्ही नोंदी एकाच वहीत ठेवाव्या. एकीने दुसरी पुसू नये.

पुढच्या पिढीत रॉबर्ट अ‍ॅलन यांची कन्या रूथ नगरास डॉक्टर म्हणून आली. एडवर्डचा नगरात जन्मलेला मुलगा एडवर्ड हिक्स ह्याने चीनमध्ये चांगशा येथे रुग्णालय काढले. त्याच पिढीतला रॉबर्ट अर्नेस्ट हाही हिंदुस्थानातच जन्मला. त्याने तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९२१ साली प्रसिद्ध झाले. आजोबा आपला धर्मग्रंथ देण्यासाठी सागर ओलांडून आले, आणि नातवाने आमचे धर्मग्रंथ त्या तीरावरच्या वाचकांस नेऊन दिले. जहाजांतून केवळ माणसेच ये-जा करीत नाहीत, ती ही अशी.

रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम १९२६ साली निवृत्त झाले आणि १९२९ साली अमेरिकेत वारले. ज्या देशात जन्मले आणि पन्नासाहून अधिक वर्षे झिजले, तेथे त्यांना अखेरची जागा मिळाली नाही. नगरात ह्यूम मेमोरियल चर्चच्या रूपाने त्यांचे नाव मात्र राहिले आहे, आणि तेथील उपासना मराठीत चालते.