येसराची आमटी

हिंगोलीकडील खेड्यांत लग्न ठरलें कीं घरांतील वडीलधाऱ्या बायका प्रथम जात्याकडे वळत. ज्वारी किंवा बाजरी, गहूं, हरभऱ्याची डाळ व उडीद हीं वेगवेगळीं भाजावयाचीं. धने, जिरें, मिरें, सुकें खोबरें व दगडफूल यांची त्यांना जोड द्यावयाची. आणि सारें एकत्र दळावयाचें. या पिठाला मराठवाड्यांत ‘येसर’ म्हणतात. शिजून एकजीव झालेल्या तुरीच्या डाळींत किंवा फोडणीच्या उकळत्या पाण्यांत तें कालवून सोडलें म्हणजे जी दाट, खमंग आमटी होते, तिच्यावर सारा गांव जेवून उठे.

या आमटीचें कूळ जुनें आहे. तूर मूळची भारतांतीलच. अमरावती जिल्ह्यांतील तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तींत तिचे दाणे सांपडले आहेत. पुढें बाराव्या शतकांत, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत डाळी भरडून मंद आंचेवर शिजविण्याची आणि त्यांत हळद व हिंगाचें पाणी घालण्याची कृति आली आहे. ही कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. मराठवाड्याच्या सीमेपासून तें दूर नाहीं. राजाच्या त्या पाकशाळेंत मिरची मात्र नव्हती. ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आली; तोंवर तिखटाचें काम मिऱ्यांकडे असे. येसरांत आज मिरें व मिरची शेजारीं शेजारीं नांदतात.

परंतु राजाच्या डाळीचें वर्णन वाचून खेड्यांतील आमटीचें मर्म कळणार नाहीं. तें काटकसरींत आहे. कयाधूकाठच्या काळ्या जमिनींत ज्वारी व तूर एकाच शेतांत उभ्या राहत आणि एकाच ताटांत येत. ज्वारींत लायसीन हें पोषक द्रव्य कमी असतें, डाळींत तें भरपूर असतें. डाळींत जें उणें, तें ज्वारी पुरविते. शास्त्रानें हें मागाहून सांगितलें. गृहिणींनीं तें अनुभवानें धरिलें होतें. पाऊस रुसला कीं डाळीची मूठ लहान होई आणि पातेल्यांतील पाणी वाढे. १९७२ च्या दुष्काळांत तर महाराष्ट्राला परदेशची तांबडी मिलो ज्वारी खावी लागली. अशा पातळ आमटीला अंग येई तें येसरानें. थोड्या डाळींत पुष्कळ माणसें जेवूं घालावीं आणि पाहुण्याला उणेपणा जाणवूं देऊं नये, ही गरीब यजमानाची अब्रू त्या मूठभर पिठानें राखली.

प्रत्येक घराचा हात मात्र निराळा. कोणी चिंचेचा कोळ घालतें, कोणी आंबाडीच्या पाल्यानें आंबटपणा आणतें. एका घरीं लसूण ठेचून तर दुसऱ्या घरीं कांदा भाजून वाटण होतें. सून माहेरचा हात घेऊन येते आणि सासूच्या हाताखालीं तो बदलते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. येथील मुसलमान घरांच्या लग्नांत ‘दालचा’ शिजतो. हरभऱ्याच्या डाळींत मटण, दुधी भोपळा व चिंच. रीत वेगळी, परंतु थोड्या डाळीवर मोठी पंगत उठविण्याची युक्ति तीच.

हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून निराळा झाला. त्याच्या आधींपासूनच शेतांचें रूप पालटत होतें. ज्वारीची जागा सोयाबीननें घेतली, आणि जात्याची जागा विजेच्या गिरणीनें. येसर आतां पुड्यांतून विकत मिळतो. वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिचें नांव कागदावर पक्कें झालें. तीच हळद ज्या आमटींत पडते, तिचें प्रमाण मात्र कोणीं लिहून ठेविलें नाहीं. तें ‘अंदाजानें’ या एका शब्दांत राहतें, आणि अंदाज ज्या हाताचा, त्या हाताबरोबर जातो.

ज्या घरांत असा हात अद्याप आहे, त्या घरच्या मुलीसुनांनीं एकदां तरी आजीबाईंची मूठ पिठांत पडण्यापूर्वीं तराजूंत घालून पाहावी, आणि आंकडा वहींत टिपून ठेवावा.