पाटाची रेघ

पाटाचं पाणी चढावर जात नाही. त्यामुळे कालव्याची रेघ आखली, की कुणाचं रान भिजणार आणि कुणाचं जिरायत राहणार, हे तिथेच ठरतं. यश मेहनतीचं की नशिबाचं, हा वाद निघाला की मला आमच्या नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर) ही रेघ आठवते.

प्रवरेवरचं भंडारदरा धरण इंग्रजांनी १९१० मध्ये बांधायला घेतलं, ते १९२६ मध्ये पुरं झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून पाणी दोन कालव्यांत वळलं आणि खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिला. धरण कुठे व्हावं, हे आमच्या पणजोबांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं रान पाटाखाली आलं, एवढंच.

पण नुसत्या पाण्याने भागलं नाही. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून भागभांडवल जमवलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे त्याच परिसरात शाळा आल्या, इंजिनिअरिंग कॉलेजही आलं. ही मेहनत खरीच होती.

आमच्या घरात उसाच्या बिलावर वडील शिकले आणि मी इंजिनिअर झालो. रात्र रात्र जागून अभ्यास केला, हे खरं. पण माझ्या सीव्हीत आमच्या शेताचा गट नंबर कुठेच लिहिलेला नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पाथर्डी-जामखेडकडे, प्रवरेचा पाट पोचत नाही. पाऊसही बेभरवशाचा. तिथली कितीतरी कुटुंबं हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला निघतात. पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. मागे घरी सांभाळायला कुणी नसलं, की पोरंही सोबत येतात आणि शाळा बुडते.

म्हणजे ज्या उसावर माझी फी भरली गेली, तो लावला आम्ही, तोडला त्यांनी. कष्ट दोघांचेही, पण एकाच्या कष्टातून पुढच्या पिढीची डिग्री निघाली आणि दुसऱ्याच्या कष्टातून मुकादमाची उचल फिटली.

ऑफिसात ‘मेरिट’च्या गप्पा रंगतात, तेव्हा मी मेहनतीला नावं ठेवत नाही. एवढंच विचारतो, तुमच्या आजोबांचं रान पाटाच्या कुठल्या अंगाला होतं?