‘घाटी’: एका शब्दाचं ओझं

मुंबईतल्या घोडपदेवच्या चाळी भरल्या त्या गिरणी आणि गोदीच्या जोरावर. १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत साताऱ्या-पुण्याकडची माणसं बोरघाट उतरून इथे येत राहिली. घाटावरचा तो ‘घाटी’. शब्द मुळात नुसता पत्ता सांगणारा. हमाली, भांडी-धुणं त्याला चिकटलं आणि त्याची शिवी झाली. बापाने ती पाठीवरच्या बोज्यासारखी वाहिली, पोराला मात्र ती वर्गात ऐकावी लागे. ‘व्हय’, ‘न्हाय’ तोंडून निसटलं की बाकं हसत. मग पोरं दोन भाषा सांभाळत: खोलीत आईची, शाळेत पुस्तकातली. गावाहून आलेल्या आजोबांनी मित्रांदेखत हाक मारली तर मान खाली जाई, आणि त्या लाजेची पुन्हा वेगळी लाज वाटे.

जातीचा डंख याहून खोल. साताऱ्याहून मुंबईला आलेले भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्याकडे निघाले, तेव्हा विटाळाच्या धास्तीने फळ्यामागचे जेवणाचे डबे उचलायला मुलं धावली होती. गिरण्यांतही अस्पृश्यांना विणखात्यात मज्जाव असे, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला नोंदणी मिळाली, मजुरीला नियम आला. ‘घाटी’ मात्र शहराच्या तोंडी राहिला.